नुसता ‘टक्’ असा आवाज: चिपळूणमधील एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानाबद्दल

चिपळुणात बहादूरशेख नाक्यावरून खेर्डीकडे निघाले की रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियनचे एक छोटे दुकान लागते. पाटीवर दुकानाचे नाव नाही. ‘सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, वायरिंग’ एवढी कामांची यादी लाल ऑइलपेंटने लिहिलेली आहे, त्यामुळे मलाही ते निनावीच ठेवावे लागत आहे. दुचाकीचा सेल्फ लागत नसेल आणि दोन-तीन ठिकाणी पैसे घालवूनही कारण सापडत नसेल, तर गाडी येथे एकदा दाखवावी, असे माझे मत आहे. फेब्रुवारीत माझ्या स्कूटरची दुरुस्ती झाली. त्यानंतर मी मुद्दाम पूर्ण पावसाळा जाऊ दिला आणि मगच लिहायला बसले, कारण कोकणात विजेच्या दुरुस्तीची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या काळातच होते.

माझी गाडी २०१८ सालची, ११० सीसीची, कार्ब्युरेटरवाली, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली साधी स्कूटर आहे. तिची तक्रार अशी होती की सकाळी चावी फिरवून, ब्रेकची मूठ आवळून सेल्फचे बटण दाबले की आतून एकदाच ‘टक्’ असा आवाज येई आणि पुढे काहीच होत नसे. दिवे लागत, हॉर्न खणखणीत वाजे, आणि किक मारली की दुसऱ्या-तिसऱ्या किकला गाडी सुरूही होई. दुपारी शाळा सुटल्यावर हाच सेल्फ कधी मुकाट लागे, कधी पुन्हा रुसे. दोष सतत असेल तर तो शोधता येतो. अधूनमधून येणारा दोष नेमका मेकॅनिकसमोर गाडी उभी केली की नाहीसा होतो, हा अनुभव दुचाकी वापरणाऱ्या बहुतेकांनी घेतला असेल.

पहिल्यांदा गाडी एका अधिकृत सेवा केंद्रात दिली, तेव्हा तेथे कोणतीही तपासणी न करता बॅटरी बदलण्यात आली. नव्या बॅटरीवर महिनाभर सेल्फ बरा चालला आणि मग तोच ‘टक्’ परत आला. बॅटरी हमीच्या मुदतीत होती, म्हणून ती विक्रेत्याकडे नेली, तर त्याने लोड टेस्टर (भार टाकून बॅटरी तपासणारे यंत्र) लावून बॅटरी उत्तम असल्याचे सांगितले आणि बदलून देण्यास नकार दिला. पुन्हा सेवा केंद्रात गेले, तर तेथे ती रात्रभर चार्जिंगला लावून वेगळे पैसे घेतले. तिसऱ्या खेपेस ‘आता सेल्फ मोटरच बदलावी लागेल’ असे सांगून सुमारे अडीच हजारांचा अंदाज हातात दिला. सेवा केंद्राच्या या सगळ्या फेऱ्यांत कोणीही मीटर हातात घेतलेला मी पाहिला नाही. बॅटरी विक्रेत्याचा नकार त्या वेळी मला उद्धटपणाचा वाटला होता, परंतु संपूर्ण प्रकरणातील पहिला खरा धागा त्याच्याच हातून मिळाला होता, हे पुढे लक्षात आले.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ओहमचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिते, त्यामुळे मधल्या काळात प्रयोगशाळेतील मल्टिमीटर घरी आणून स्वतः तपासण्याचा प्रयत्नही मी केला होता. बॅटरीच्या टोकांवर १२.५ व्होल्ट मिळाले, म्हणजे ती बऱ्यापैकी भरलेली होती. पूर्ण भरलेली बॅटरी तासन्तास नुसती ठेवल्यावर साधारण १२.७ ते १२.८ दाखवते आणि आकडा १२ च्या खाली गेला की ती जवळजवळ रिकामी समजावी. अर्थची तार, म्हणजे करंटला बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत आणणारी तार, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली, तर ती अखंड असल्याची खूण म्हणून मीटरने आनंदाने बीप दिला. मग गाडी बंद असताना कोठे करंट झिरपतो का, हे पाहण्यासाठी मीटर अँपिअरवर लावून बॅटरीच्या मार्गात जोडला आणि मीटर तसाच जोडलेला असताना सवयीने सेल्फचे बटण दाबले. शाळेच्या मीटरचा फ्यूज जागीच उडाला. तो मी पदरमोड करून बदलला आणि या विषयातील माझे संशोधन तेथेच थांबवले.

दुकान सकाळी साडेदहाला उघडते. मिस्त्री पन्नाशीच्या पुढचे, मितभाषी, किंचित तिरसट म्हणावे असे आहेत. हाताखालचा मुलगा आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी निघाला आणि त्याने ‘बाई’ म्हणून हाक मारताच मिस्त्रीही मला बाईच म्हणू लागले. गाडीचा पूर्वेतिहास मी सविस्तर सांगायला घेतला, तेव्हा त्यांनी हाताने थांबवून एकच प्रश्न विचारला: ‘आवाज एकदा येतो की टकटकटक असा सलग येतो?’

हा प्रश्न मला त्या दिवसातील सर्वांत मोलाचा वाटला. सेल्फचे बटण थेट मोटरला वीज देत नाही. ते रिलेला देते. रिले म्हणजे लहान करंटवर चालणारा मोठा स्विच. त्यातील चुंबक ओढला गेला की जाड तारेचे दोन संपर्क जुळतात आणि बॅटरीतून मोटरला भरपूर करंट मिळतो. बॅटरी दमलेली असेल, तर मोटर जोडली जाताच व्होल्टेज कोसळते, चुंबक सुटतो, मोटर तुटल्याबरोबर व्होल्टेज पुन्हा वर येते, चुंबक परत ओढला जातो, आणि हा खेळ सेकंदाला अनेकदा चालल्यामुळे सलग टकटकाट ऐकू येतो. एकच ‘टक्’ होऊन शांतता पसरली, तर रिले ओढला गेला आहे आणि ओढलेलाच राहिला आहे, म्हणजे बॅटरीत त्याला धरून ठेवण्याइतका दम आहे. दोष रिलेच्या संपर्कात, मोटरमध्ये किंवा परतीच्या वाटेत असू शकतो. ‘टक्’ही होत नसेल, तर ब्रेकचा स्विच, सेल्फचे बटण, फ्यूज किंवा चावीचा स्विच पाहायचा. गाडीला हात लावण्यापूर्वीच या एका प्रश्नाने अर्धे काम झाले होते, आणि हा प्रश्न मला त्यापूर्वी कोणीच विचारला नव्हता.

या गाडीची बॅटरी पाय ठेवण्याच्या जागेखाली असते. मुलाने झाकण उघडून ती मोकळी केली. मिस्त्रींनी मीटरची दोन टोके बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेकवली आणि मला बटण दाबायला सांगितले. ‘टक्’ झाले. मोटर फिरली नाही. मीटरवरचा आकडा १२.५ वरून ११.७ वर येऊन तेथेच स्थिरावला. ‘बाई, बॅटरी चांगली आहे,’ ते म्हणाले. ‘दमलेली असती तर आठ-नऊवर आपटली असती.’ त्यानंतर त्यांनी मीटरचे काळे टोक बॅटरीच्या ऋण खांबावरच ठेवले आणि लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर दाबून धरले. बटण न दाबता आकडा शून्य होता. बटण दाबताच तो ७.९ झाला.

यातले मर्म असे आहे. बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिन हे दोन्ही एकाच जाड तारेने जोडलेले आहेत, म्हणजे त्यांच्यात व्होल्टेजचा फरक जवळजवळ नसायला हवा. सेल्फ फिरताना पाव-अर्धा व्होल्ट चालतो. येथे जवळजवळ आठ व्होल्ट त्या वाटेतच खर्च होत होते. धन बाजूला, म्हणजे बॅटरीपासून रिलेमार्गे मोटरच्या बोल्टापर्यंत, ०.४ व्होल्ट पडत होते, आणि मोटरच्या वाट्याला उरत होते ३.४. मी उभ्या उभ्या बेरीज केली: ७.९, ०.४ आणि ३.४ मिळून बरोबर ११.७. वाटेत पडणाऱ्या सर्व व्होल्टेजची बेरीज बॅटरीच्या व्होल्टेजएवढीच भरते, हा कर्चहॉफचा नियम वर्गात शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर जो कंटाळा दिसतो, तो या शेडमध्ये कोणाच्याही चेहऱ्यावर दिसला नसता.

मग माझ्या मीटरने बीप का दिला होता? कारण बीप देताना मीटर तारेतून अगदी नगण्य करंट सोडतो. स्कूटरची अडून बसलेली मोटर साधारण तीस अँपिअर घेत होती असे धरले, तर ७.९ व्होल्ट पडण्यासाठी त्या वाटेत अवघा पाव ओहम रोध पुरेसा आहे. माझ्या मीटरची दोन टोके एकमेकांना चिकटवली तरी तो ०.३ ओहम दाखवतो, म्हणजे जो दोष शोधायचा तो मीटरच्या स्वतःच्या तारांत हरवून जात होता. वीसेक धाग्यांच्या तारेतील एकच धागा शाबूत असला तरी बीप येतो. तीस अँपिअर मात्र त्या एका धाग्यातून जात नाहीत. जाड तारेची परीक्षा भार असतानाच घ्यावी लागते, हे पाठ्यपुस्तकाच्या भाषेत मला ठाऊक होते, पण हाताला ठाऊक नव्हते. दिवे आणि हॉर्न ठणठणीत का होते, याचेही उत्तर यातच आहे: त्यांची परतीची वाट चासीमधून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून, वेगळी जाते, आणि त्यांना करंटही थोडकाच लागतो.

मिस्त्रींनी पुढे जे केले, ते अधिकच साधे होते. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे इंजिनच्या बोल्टाला लावले, मला मानेनेच खूण केली, आणि मी बटण दाबले. गेले दीड वर्ष मुका असलेला सेल्फ ‘खर्र’ करून फिरला आणि गाडी सुरू झाली. केबल काढली, पुन्हा नुसता ‘टक्’. केबल लावली, पुन्हा ‘खर्र’. मला काही विचारायचे उरले नव्हते.

स्कूटरच्या रचनेत एक गोष्ट अशी आहे की तिचे इंजिन चासीला पक्के बसवलेले नसते. ते मागच्या चाकासह वर-खाली हलते आणि त्याच्या बिजागरीत रबराचे बुश असतात. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिनला परतीची वाट म्हणून स्वतंत्र अर्थची तार द्यावी लागते आणि ती तार इंजिनबरोबर रोज हजारो वेळा वाकते. माझ्या गाडीत ही तार सेल्फ मोटरच्याच एका बोल्टाखाली थिंबलने (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीने) आवळलेली होती. आठ-दहा वेळा बटण दाबून झाल्यावर मिस्त्रींनी मला ‘थिंबलला बोट लावा’ म्हटले. ती चांगलीच तापली होती. आठ व्होल्ट गुणिले तीस अँपिअर म्हणजे दोनशे चाळीस वॉट. मोटर फिरवण्यासाठी निघालेली ऊर्जा एका बोल्टाखाली नखाएवढ्या जागेत जळत होती.

तार सोडवून त्यांनी थिंबलपासून दोन बोटे अंतरावर वरचे प्लास्टिक ब्लेडने सोलले. आतील तांबे तांब्याच्या रंगाचे नव्हते. ते काळपट हिरवे पडले होते आणि नखाने खरवडताच त्याची पूड होऊन गळत होती. मोजून तीन-चार धागे काय ते लालसर होते. ‘गाडी पुरात होती का?’ असे त्यांनी विचारले. होती. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आमच्या इमारतीखालच्या इतर गाड्यांप्रमाणे ही स्कूटरही सीटपर्यंत बुडाली होती. तेव्हा इंजिन ऑइल दोनदा बदलले, कार्ब्युरेटर धुतला, वायरिंग वरवर वाळवले आणि गाडी चालू झाली म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. पण थिंबलच्या तोंडातून आत गेलेले गढूळ पाणी धाग्यांच्या फटींतून वात जशी तेल ओढते तसे प्लास्टिकखाली वर चढत जाते, आणि वर्षानुवर्षे तांबे खात बसते. बाहेरून तार धडधाकट दिसते. मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे त्या पुरातील गाड्या अजूनही त्यांच्याकडे येतात आणि बहुतेकींचा दोष एखाद्या थिंबलमध्ये किंवा कपलरमध्ये, म्हणजे तारांच्या प्लास्टिक जोडणीत, सापडतो. चिपळूण, खेड, महाड या पट्ट्यात ज्यांच्या गाड्या कधी पाण्यात उभ्या होत्या, किंवा ज्यांनी जुनी गाडी विकत घेतली आहे, त्यांनी बॅटरीवर पैसे घालण्यापूर्वी ही तार आवर्जून पाहावी.

दुरुस्तीत त्यांनी तेवढ्याच जाडीची नवी तार घेतली, दोन्ही टोकांना तांब्याच्या थिंबल दाबून बसवल्या आणि त्यावर डाखही दिला. बोल्टाखालची इंजिनची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली आणि बोल्ट आवळून झाल्यावर मग वरून ग्रीस फासले. ग्रीस आधी लावायचे नाही, हे मुलाला रागावून सांगताना ऐकले. नंतर परत मोजणी झाली: ऋण बाजूला ०.२ व्होल्ट. गंमत म्हणजे सेल्फ फिरताना बॅटरीचा आकडा आता पूर्वीपेक्षा खाली, १०.९ पर्यंत, गेला. मी काळजीत पडले, तर मिस्त्री पहिल्यांदाच हसले. वाट मोकळी झाल्यामुळे मोटर आता हवा तेवढा करंट घेत होती, आणि म्हणूनच बॅटरीवर जास्त ताण दिसत होता. दहाच्या वर आकडा राहिला म्हणजे ठीक.

येथेच पैसे घेऊन मोकळे होता आले असते. परंतु त्यांनी हेडलाइट चालू ठेवून अर्ध्या थ्रॉटलला चार्जिंग मोजले (२०१७ च्या एप्रिलनंतरच्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही, त्यामुळे चार्जिंगची परीक्षा दिव्यासकटच घ्यावी लागते). ते १४.१ व्होल्ट निघाले. तेरा-साडेतेराच्या वर आकडा चढतच नसेल तर वीज तयार करणारी मॅग्नेटची कॉइल किंवा ती वीज बॅटरीजोगी करणारा रेक्टिफायर बिघडलेला असतो, आणि पंधराच्या पुढे जात असेल तर रेक्टिफायर बॅटरी शिजवत असतो. दोन्ही परिस्थितींत नवी बॅटरी घालणे म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणे. शेवटी चावी बंद करून झिरपणारा करंटही पाहिला. तो एक मिलिअँपिअरपेक्षा कमी होता. या मोजणीत मीटर जोडलेला असताना बटणाला हात लावू नये, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

एकूण खर्च तीनशे ऐंशी रुपये आला: तार आणि थिंबलचे एकशे ऐंशी, मजुरी दोनशे. सेल्फ मोटर बदलली असती, तर अडीच हजार गेले असतेच, शिवाय मोटर काढताना तोच बोल्ट सोडून पुन्हा आवळला गेल्यामुळे गाडी थोडे दिवस चाललीही असती, आणि दोष मोटरचाच होता अशी सर्वांची खात्री पटली असती. पहिल्या बॅटरीबदलानंतर महिनाभर सेल्फ का चालला, याचेही कारण मला असेच दिसते: बॅटरी काढता-घालताना तारा हलल्या आणि उरलेले धागे तात्पुरते नीट टेकले.

माझे काम चालू असताना आणखी दोन गाड्या आल्या, त्या पाहून या दुकानाबद्दलचे मत पक्के झाले. एका महाविद्यालयीन मुलीच्या गाडीला सेल्फचा ‘टक्’सुद्धा नव्हता. मिस्त्रींनी ब्रेकची मूठ आवळून मागे पाहिले. ब्रेकचा दिवा लागला नाही. स्कूटरमध्ये ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये, अशी सोय असते, आणि ती सोय ब्रेकच्या दिव्याच्याच स्विचवर चालते. स्विचची पिन धुळीने अडकली होती. स्प्रे मारून ती मोकळी केली, दिवा लागला, सेल्फ लागला, आणि पैसे विचारले तर ‘जा’ म्हणाले. दुसऱ्या गाडीचा सेल्फ झकास फिरत होता, पण इंजिन पेट घेत नव्हते, म्हणजे प्रश्न बॅटरी-मोटरचा नसून ठिणगीचा होता. शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गाडी नेऊन सेल्फ मारला, तेव्हा प्लगच्या टोपीच्या तडकलेल्या भागातून निळसर रेघ इंजिनवर उडताना मलाही स्पष्ट दिसली. टोपी बदलून काम संपले. त्या गृहस्थांच्या हातात कोणीतरी सुचवलेला नवा सीडीआय (ठिणगीसाठी लागणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आधीच होता. विजेचा सुटा भाग दुकानदार सहसा परत घेत नाहीत, हे त्यांना त्या दिवशी कळले.

आता उणिवा. पहिली म्हणजे वेळ. माझे प्रत्यक्ष काम पाऊण तासाचे होते, पण नंबर येईपर्यंत दोन तास गेले आणि बसायला एक तेलकट बाकडे सोडून काही नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद असते, फोन बहुधा उचलला जात नाही. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितल्यावर जी मिळते ती वहीचा फाडलेला कागद असतो, हमी तोंडी. ज्यांना बिल कचेरीत सादर करायचे असते त्यांची येथे पंचाईत होईल. बोलण्यात मार्दव नाही. माझ्यापुढे एका गिऱ्हाइकाला त्यांनी, त्याने स्वतः लावलेला जास्त अँपिअरचा फ्यूज दाखवून असे काही सुनावले की मला माझ्या मीटरची गोष्ट सांगण्याचा धीर झाला नाही. सूचना योग्यच होती, कारण दहाच्या जागी तीसचा फ्यूज घातला की फ्यूजऐवजी वायरिंग जळते. तरीही चारचौघांत ती जरा हळू सांगता आली असती.

कामातही एक त्रुटी राहिली, ती मला महत्त्वाची वाटते. थिंबलच्या तोंडाशी, जेथून पाणी आत गेले होते नेमके तेथेच, त्यांनी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. आपल्याकडच्या उन्हात या टेपचा गोंद दोन महिन्यांत वितळतो, टेप सुटते आणि सुटलेल्या पदरात पाणी धरून ठेवते. गरम केल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी यासाठी मिळते आणि ती फारशी महागही नसते. मी मे महिन्यात परत जाऊन ती बसवून घेतली. मिस्त्रींनी कुरकुर केली, पण पैसे घेतले नाहीत, आणि पुढच्या वेळी गेले तेव्हा त्याच नळीचे एक भेंडोळे खिळ्याला लटकलेले दिसले. फूटबोर्ड बसवताना एक स्क्रूही कमी लागला होता. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर पायाखाली बारीक खडखडाट येतो.

नव्या गाड्यांसाठी या दुकानाची शिफारस मी जपून करीन. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स हे धुराच्या प्रदूषणाचे नियम आले, आणि तेव्हापासून स्कूटरमध्ये इंधन इंजेक्शन आले. काही गाड्यांत स्वतंत्र सेल्फ मोटरच उरली नाही. चार्जिंगचा अल्टरनेटरच सुरुवातीला मोटर होऊन इंजिन आवाजाशिवाय फिरवतो, आणि सर्व कारभार इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे असतो. तेथे रिलेचा ‘टक्’ ऐकून निदान करण्याची विद्या चालत नाही, नियंत्रकातील दोष वाचणारा स्कॅनर लागतो, आणि तो येथे नाही. मिस्त्री स्वतःच अशा गाड्यांची बॅटरी, फ्यूज, अर्थ आणि ब्रेकचा स्विच एवढेच पाहतात व पुढचे काम असेल तर कंपनीत जायला सांगतात. ज्या गाडीला किक नाही, तिच्या मालकाला सेल्फ अडला की ढकलतच न्यावी लागते, म्हणून अशा मालकांनी ही चार ठिकाणे तरी वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, पाहून घ्यावीत. तेवढ्यासाठी हे दुकान पुरेसे आहे.

फेब्रुवारीनंतर माझा सेल्फ एकदाही अडला नाही. सप्टेंबरच्या शेवटी, सलग चार दिवस गाडी पावसात उभी राहिल्यानंतर, मी शाळेचाच मीटर आणून पुन्हा मोजले: ऋण बाजूला ०.२ व्होल्ट, जेवढे तेव्हा होते तेवढेच. जाणाऱ्यांनी सकाळी दुकान उघडण्याच्या वेळेसच पोचावे, शक्य असल्यास दोष प्रत्यक्ष दिसत असताना गाडी न्यावी आणि आवाज एकदा येतो की सलग, हे घरूनच नीट ऐकून जावे. सोमवारी दुकान बंद असते.